समोर मी आहे

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटोबा,

तुझी मेल पोचली. पण यापुढे कृपा कर आणि मला कागदावर लिहीत जा. हसू नकोस. आईंना दिसत नाही म्हणून तुझ्या दादाने घरच्या कॉम्प्युटरला अशी सवय लावून ठेवली आहे की आलेली प्रत्येक मेल तो मोठ्यांदा वाचून दाखवतो, आणि वाचतो ती दादाच्याच आवाजात. तू लिहिलंस, 'वहिनी, दादाला जाऊन वर्ष होत आलं, आता आपण व्यवहाराचं बोलायला हवं.' मी ओट्याशी चहा गाळत होते. ते वाक्य मला त्याच्याच तोंडून ऐकू आलं. दूध संपलंय असं सांगावं, इतक्या शांतपणे. चहा गाळणीत कमी आणि ओट्यावर जास्त पडला.

आई खुर्चीत होत्या. म्हणाल्या, "व्यवहाराचं म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "काही नाही, सहीचं काहीतरी आहे."

"कुणाची सही?"

"माझी."

"मग तुला विचारायचं तर तो मला का सांगतोय?" म्हणाल्या. तो म्हणजे तू की दादा, ते मी विचारलं नाही.

संमतीपत्र छापून घेतलंय. मला समजलं ते इतकंच: बोलणारा प्रोग्राम तुम्ही दोघा भावांनी मिळून लिहिला, त्यामुळे त्याचा परवाना बदलायचा तर दोघांची संमती लागते, दादाचा वाटा माझ्याकडे आला, म्हणून सही माझी. तुझी कंपनी अंधांसाठी बोलका चष्मा काढते आहे, आवाज दादाचा आणि प्रोग्राम तुमचा. फक्त परवान्यातलं एक कलम तिला नको आहे.

हे तेच कलम ना, ज्यावरून तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर इतके भांडायचात की आई ताटावर चमचा वाजवायच्या? तेव्हा मी कधी लक्ष दिलं नाही. भांडणात गोडी होती, आणि मला भांडी घासायची असायची. आता लक्ष द्यायला हवं. ते कलम गेलं तर नक्की काय जाईल, ते मला कळेल असं लिही. मी कवळ्या करणारी बाई आहे, मला दात दाखव.

तुझी,
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मेलचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माफ कर. कितीतरी वर्षांनी हाताने लिहितोय, अक्षर बघून तुला वाटेल कोंबडी पळाली.

दात दाखवतो. दादा म्हणायचा 'मुक्त', मी म्हणायचो 'ओपन सोर्स'. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हींत प्रोग्रामचा मजकूर सगळ्यांना वाचायला मोकळा असतो. कुणीही घ्यावा, सुधारावा, पुढे द्यावा. फरक आहे तो कशासाठी यात. मी म्हणतो, अनेकांनी पाहिलं की चुका लवकर सापडतात आणि काम चांगलं होतं, म्हणून उघडं ठेवायचं. ही काम करायची रीत आहे. रीतीला गरजेपुरती मुरड घालता येते. दादा म्हणायचा, काम चांगलं होवो नाहीतर वाईट, यंत्र ज्याच्या हातात त्याचा त्यावर ताबा हवा. तो हक्क आहे, आणि हक्काला मुरड घालत नाहीत. मी त्याला 'महाराज' म्हणायचो, तो मला 'दुकानदार' म्हणायचा.

ते कलम असं सांगतं: प्रोग्राम एखाद्या यंत्रातून विकला, तर ते यंत्र घेणाऱ्याला प्रोग्राम बदलून पुन्हा त्याच यंत्रात घालता आला पाहिजे. कंपनीला ते नको, कारण चष्म्यात फक्त तिची मोहोर असलेली आवृत्तीच चालेल. त्यामागे लबाडी नाही. उद्या कुणी भलतंच काहीतरी घातलं, आणि चष्म्याने रस्ता मोकळा आहे असं सांगून एखादा अंध माणूस गाडीखाली गेला, तर उत्तर कुणी द्यायचं? मजकूर आम्ही सगळा प्रसिद्ध करू. वाचा, सूचना करा. फक्त मोहोर आमची.

आणि हे बघ. आमच्या इमारतीत चाचणीसाठी एक खोटा रस्ता बांधलाय. लाकडी पायऱ्या, फरशीवर रंगवलेले पांढरे पट्टे, एक दिव्याचा खांब, कोट घातलेले दोन पुतळे. तिथे एक घड्याळजी येतो. आयुष्यभर भिंग लावून काम केलं, आणि दृष्टी गेली. चष्मा त्याला म्हणाला, "समोर पायऱ्या आहेत." तो उतरला, शेवटच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "हा आवाज कुणाचा?" मी म्हटलं, माझ्या भावाचा. तर म्हणाला, "त्यांना माझा नमस्कार सांगा." मी म्हटलं, सांगतो.

असे लाखो लोक आहेत, वहिनी. दादाचं तत्त्व इतकी वर्षं आपल्या घरात आणि त्याच्यासारख्या मूठभर हट्टी लोकांत राहिलं. सही केलीस तर त्याचा आवाज लाखो कानांत जाईल.

आईसाठी नमुन्याचा एक चष्मा वेगळ्या पार्सलने पाठवतोय. घरच्या कॉम्प्युटरवरची ओळखीच्या चेहऱ्यांची यादी मी त्यात जशीच्या तशी घातली आहे, म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माणसं ओळखता येतील. तिला वापरू दे. मग ठरव.

तुझा,
दुकानदार


२४ फेब्रुवारी

प्रिय धाकटोबा,

चष्मा आला आणि आमच्या घरात वय उलटं फिरलं. ज्या आई जिन्याच्या तोंडाशी माझा दंड घट्ट धरायच्या, त्या एकट्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. मी मागून, चोरासारखी. चष्मा म्हणाला, "समोर पायरी." आई म्हणाल्या, "दिसली रे, ओरडू नकोस." कोपऱ्यावर टपालवाला उभा होता. चष्म्याने सांगताच, त्याने तोंड उघडायच्या आधीच आई म्हणाल्या, "काय टपालवाले, आज आमच्याकडे काही नाही वाटतं?" बिचाऱ्याच्या हातातली पिशवी खाली पडली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर आवाजावरून माणसं ओळखलेली बाई ती. आता चेहऱ्यावरून ओळखायला लागली म्हणजे काय मिजास! माझी सही तेव्हा पेनाच्या टोकाशी आली होती, खोटं कशाला सांगू.

आणि मग परवा सकाळी. आई न्हाणीघरातून निघाल्या, बोळातून येत होत्या. तिथे भिंतीवर दादाचा फोटो आहे. चष्मा म्हणाला,

"समोर मी आहे."

आई थांबल्या. मी डबा भरत होते, माझाही हात थांबला.

"सूनबाई, समोर कोण आहे?"

"कुणी नाही, आई. भिंत आहे."

"भिंत नाही म्हणाला तो."

तुला आठवत असेल. चेहऱ्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा दादाने आईंना कळेल अशी नावं घातली. मी 'तुझी सून', तू 'धाकटा', शेजारच्या बाई 'साखर मागणाऱ्या'. आवाज त्याचाच, म्हणून स्वतःपुढे त्याने घातलं 'मी'. संध्याकाळी तो दारातून आत आला की त्याने तोंड उघडायच्या आधी कॉम्प्युटर म्हणायचा, "समोर मी आहे," आणि आई हसायच्या, "दोघं दोघं आलात का?" कॉम्प्युटरचा कॅमेरा दाराकडे तोंड करून आहे. फोटोची भिंत त्याला कधी दिसलीच नाही, म्हणून वर्षभर हे झालं नाही. चष्मा सगळीकडे जातो.

तेवढा एक शब्द काढून टाक. यादीतली एक ओळ. कसं काढायचं ते मला सांगितलंस तरी चालेल, मी कॉम्प्युटरला चष्मा जोडून बघेन. बाकी चष्मा सोन्यासारखा आहे.

वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं आणि बराच वेळ खोट्या रस्त्यावर जाऊन बसलो. यादी चष्म्यात घालताना ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. 'मी'. वाचलीही असेन. वाचून मनात काही आलं नाही, याचंच वाईट वाटतंय.

ओळ काढणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं वाटून लिहायला बसलो होतो. तसं नाही. नमुन्याच्या चष्म्यांत यादी प्रोग्रामबरोबरच बंद होते, सगळ्यावर मिळून एकच मोहोर. ती यादी बदलायची तर नवी आवृत्ती हवी, आणि तिच्यावर पुन्हा मोहोर. मोहोर माझ्या हातात नाही. प्रोग्राम मी लिहिला, तो जगाला वाचायला खुला आहे, आणि माझ्या आईच्या नाकावरच्या चष्म्यात मला तो बदलता येत नाही. हे वाक्य लिहिल्यावर मी ते पुन्हा वाचलं.

विषय बैठकीत मांडतो. तोवर फोटो तेवढा काढून ठेव. आईला त्रास व्हायला नको.

एक विचारू? रागावू नकोस. तुला सही करायची नाही म्हणून तर हे एवढं मोठं वाटत नाहीये ना? मला ते समजेल. पण तसं असेल तर सरळ सांग.

धाकटा


९ मार्च

धाकटोबा,

रागावू नकोस म्हणून विचारलंस, म्हणून रागावते. फोटो काढला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला आणि खिळा. आईंनी हात फिरवला, खिळा लागला. म्हणाल्या, "कुणी सांगितलं काढायला?" मी म्हटलं, धाकट्याने. "त्याला म्हणावं, आधी तुझं यंत्र काढ, मग माझा मुलगा काढ."

आणि फोटो काढून भागलं असतं तर मी पुन्हा लिहिलं नसतं. आता ते रस्त्यावर होतंय. उंच, किंचित पुढे वाकून चालणारा, मिशी असलेला कुठलाही माणूस लांबून आला की चष्मा फसतो. बसथांब्यावर पहिल्यांदा झालं. "समोर मी आहे." आई जागच्या जागी थिजल्या. बस आली, तो माणूस चढला, गेला. आई म्हणाल्या, "गेला वाटतं."

त्या दिवसापासून त्या रोज जातात. जेवण झालं की पायात चपला. थांब्याच्या बाकावर बसतात, मान हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवतात. मी एकदा शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आई, तो चुकतोय. ती दुसरीच माणसं आहेत."

"मी आंधळी आहे, खुळी नाही," म्हणाल्या. "चुकतोय ते मला कळतं. पण तो म्हणतो ना, मी आहे. मग मी दोन मिनिटं उभी राहिले तर कुणाच्या बापाचं काय जातं?"

 यावर तुला काही उत्तर सुचलं तर कळव.

आता दातांचं. आमच्याकडे कवळी तयार होते ती साच्यावरून, अगदी मापात. तरी दहांतल्या आठांना पहिल्या आठवड्यात कुठेतरी टोचते. माणूस येतो, मी तेवढी जागा घासून देते. एक म्हातारे गृहस्थ तर घरीच कानस घेऊन बसले आणि बिघडवून आले. डॉक्टरीणबाई त्यांच्यावर ओरडल्या, मीही हसले. पण कुणी असं नाही म्हणालं की कवळी तुमच्या तोंडात असली तरी घासायचा अधिकार आमचा. टोचत असेल तर अर्ज करा, पुढच्या बॅचमध्ये बघू. तुझ्या दादाचं कलम एवढंच सांगत होतं का रे? एवढंच असेल, तर इतकी वर्षं टेबलावर तो महाराज का ठरला?

वहिनी


१७ मार्च

प्रिय वहिनी,

बैठक झाली. आमच्या प्रमुख बाई वाईट नाहीत, त्यांच्या वडिलांनाही शेवटी दिसेनासं झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, पुढच्या आवृत्तीत चेहरे घरच्या घरी बदलायची सोय देऊ. ती आवृत्ती पावसाळा संपल्यावर. मी विचारलं, तोवर? त्या म्हणाल्या, तोवर फोटो काढून ठेवायला सांगा. माझाच सल्ला माझ्या तोंडावर परत आला.

त्यानंतर मी एक केलं. चाचणीच्या खोलीत कुणी नव्हतं. एक नमुना घेतला, यादीतून ती ओळ काढली आणि बदललेला प्रोग्राम चष्म्यात घालायला गेलो. चष्मा डोळ्यांवर होता. तो म्हणाला,

"ही आवृत्ती मान्य नाही."

वहिनी, दादाच्या आवाजात. टेबलापलीकडून तो जसा म्हणायचा ना, न चिडता, पाण्याचा घोट घेऊन, नेमका तसा. इतकी वर्षं आम्ही भांडलो, आणि शेवटी तो माझ्या बाजूने बोलला. माझ्या मोहोरेच्या बाजूने. त्याला बोलायला लावलं मी. समोर कोट घातलेले ते दोन पुतळे. मी चष्मा काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

कवळीचं तू जे लिहिलंस त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, की कवळी चुकली तर कुणी गाडीखाली जात नाही. ते उत्तर अजूनही खरं आहे. पण ते पुरत नाही.

तू आईकडून चष्मा काढून घे. लगेच. तिला वाटेल ते कारण सांग, माझ्यावर ढकल. परत पाठवून दे.

धाकटा


२१ मार्च

धाकटोबा,

आई पडल्या. जिवाला धोका नाही, ते आधी सांगते. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय, कपाळाला टाके आहेत.

थांब्यावरून एक माणूस निघाला आणि भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरायला लागला. चष्मा एकीकडे "समोर पायऱ्या" म्हणत होता आणि दुसरीकडे "समोर मी आहे". आईंनी दुसरं ऐकलं. पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यापर्यंत पोचल्या आणि तोल गेला. आवाज ऐकून तोच माणूस मागे धावत आला, त्यानेच दवाखान्यात नेलं, मला फोन केला. मी पोचले तेव्हा तो बाकावर आईंची चप्पल हातात घेऊन बसला होता. दादासारखा अजिबात दिसत नाही. नाक वेगळं, कपाळ वेगळं. मिशी तेवढी. त्याने मला विचारलं, "आजी मला 'थांब रे' म्हणाल्या. ओळखतात का मला?" मी म्हटलं, नाही.

चष्मा फुटला नाही. इतकं करून तो शाबूत आहे.

तू ये.

वहिनी


८ एप्रिल

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचलो. आईने एका हाताने बांधून दिलेलं गाडीत अर्ध्या वाटेतच संपवलं.

घरी असताना तुझ्याशी जे बोलता आलं नाही ते इथून लिहितो. आधी कामाचं. चष्मा कंपनीत जमा केला. आणि प्रमुख बाईंना सांगितलं की वहिनीच्या सहीची वाट बघू नका, आता माझीही संमती नाही. त्या म्हणाल्या, "एका घरच्या दुःखासाठी तुम्ही लाखोंचं थांबवताय." मी म्हटलं, तुम्ही मालकाला यंत्र उघडू द्या, मी आज सही करतो. ते त्यांना परवडत नाही. आता ते दुसऱ्या आवाजात, नव्याने, स्वतःचा प्रोग्राम लिहिणार. वर्ष-दोन वर्षं जातील. मला चष्म्याच्या कामातून काढून हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसवलंय. खिडकी चांगली आहे.

घड्याळजी आला होता. चष्मा कधी मिळेल, विचारलं. त्या बाईंचं वाक्य तेव्हा मला लागलं, कारण ते खोटं नाही. म्हणून तिथे असताना चष्म्याऐवजी आईच्या गळ्यात मी जो फोन अडकवला तसलाच एक जुना फोन घेतला, आपला प्रोग्राम घातला, शर्टाच्या खिशातून कॅमेरा डोकावेल असा, आणि त्याच्या घरी जाऊन शिकवून आलो. त्याच्या ओळखीचे अजून तिघं आहेत. मोकळं ठेवायचं म्हटलं की असं घरोघर जावं लागतं, हे दादाने कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि मी ताटाकडे बघत होतो?

आता आईचं. फोनमध्ये प्रोग्राम घालताना मी तिला विचारलं ते तू ऐकलंस. आवाज बदलू का, म्हटलं, दुसरे आहेत. ती म्हणाली, "आवाज राहू दे. आवाज कामाचा आहे. त्याचा 'मी' तेवढा काढ. रस्ताभर जो असतो तो कुठेच नसतो." मी काढला. तू ओट्याशी पाठ करून उभी होतीस.

निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली, तेव्हाचं तू ऐकलं नाहीस. म्हणाली, "माझ्यातून काढलास ते बरं केलंस. तिच्यासाठी एक वेगळा कर. त्यातून काढू नकोस." मी म्हटलं, वहिनीला कशाला? तिला दिसतं की. तर म्हणाली, "दुपारी निजून उठले आणि चष्मा घातला की दांडी कधीकधी कोमट लागायची. मी उशाशी ठेवलेली वस्तू आपोआप कशी कोमट होईल? मी काही बोलले नाही. आणि कपाटाचं दार किती हळू उघडलं तरी करकरतं, तिला सांग."

मग म्हणाली, "मी माझ्यापुरतं ठरवलं. तिचं तिने ठरवायचं. माझ्या कानातलं तू ठरवायचं नाहीस, आणि तिच्या कानातलं मी नाही."

दादा मला जे जन्मभर समजावत होता ते आईने चपलेत पाय सरकवता सरकवता सांगितलं.

दादाचा जुना फोन तुझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय. त्यात प्रोग्राम आहे, त्याने लिहिला तसा, अक्षरही न बदललेला. चेहऱ्यांची यादी कशी उघडायची ते सोबतच्या चिठ्ठीत आहे. तू काय करतेस ते मला कळवायची गरज नाही.

धाकटा


१९ एप्रिल

प्रिय धाकटोबा,

कळवायची गरज नाही म्हणालास, म्हणून कळवते.

हो, मी घालायची. आई दुपारी निजल्या की. फोटो तुझ्या सांगण्यावरून काढला आणि कपड्यांच्या कपाटात उभा ठेवला, माझ्या हाताशी. दार उघडायचं, चष्मा लावायचा, तो म्हणायचा ते ऐकायचं, दार लावायचं. बस, तेवढंच. मला दिसतं रे. फोटो मला चष्म्याशिवाय दिसतो. पण मला दिसतं ते तो होता असं. चष्मा सांगायचा तो आहे असं.

तू लिहिलंस, चष्मा लगेच परत पाठव. ते पत्र आई पडण्याच्या आदल्या दिवशी आलं होतं. मी ते वाचलं, घडी घातली, आणि म्हटलं, दोन दिवसांनी पाठवू, आईंना एकदम कसं सांगायचं. आईंचं नाव पुढे केलं. आईंना सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. दवाखान्यात तो अनोळखी माणूस चप्पल घेऊन बसला होता तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, ते यामुळे. तुझ्याशी या घरात आठवडाभर एका टेबलावर बसून मी हे बोलले नाही. कागदावर बोलते आहे.

आईंना काल सांगितलं. त्या प्लास्टरमधल्या बोटांनी शेंगा सोलत होत्या, हट्टाने. म्हणाल्या, "मला माहीत होतं, आणि तरी मी थांब्यावर जात होते. दोघींनी मिळून पडलो असं समज." मग म्हणाल्या, "तुला लागलं नाही एवढंच." मी म्हटलं, "लागलं, आई." त्यांनी सोललेल्या शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

आई आता गळ्यात फोन अडकवून जातात, थांब्यापर्यंत नाही, कोपऱ्यापर्यंत. मी बोळातला फोटो पुन्हा लावला. त्या त्याच्यासमोरून जातात तेव्हा फोन काही बोलत नाही. परवा त्या स्वतःच म्हणाल्या, "आहे ना भिंतीवर?" मी म्हटलं, "आहे." "हं," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

संमतीपत्र कोरंच फाडलं. तुझ्या घड्याळजीच्या ओळखीचे जे तिघं आहेत, त्यांतला एक आमच्या गावाकडचा असेल तर मला पत्ता दे. फोन कसा लावायचा ते मी आता शिकले आहे.

कारण तुझ्या चिठ्ठीप्रमाणे मी खणातला फोन उघडला. यादी काढली. इतकी वर्षं तो लिहीत बसायचा आणि मी त्याच्या पाठीमागून चहा ठेवून जायचे, त्यात काय लिहिलंय ते आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. 'तुझी सून.' 'धाकटा.' 'साखर मागणाऱ्या.' 'मी.' ती ओळ खोडली. फोन बोळात नेऊन फोटोपुढे धरला. काही नाही. मी तिथेच उभी राहिले, मला वाटलं होतं तितकं ते भयंकर नव्हतं. मग परत येऊन ओळ घातली, माझ्या हाताने, एका बोटाने टाइप करून. पुन्हा जाऊन उभी राहिले. "समोर मी आहे," म्हणाला. तेही मला वाटलं होतं तितकं नव्हतं. चष्म्यात तो म्हणायचा तेव्हा मला पाय उचलून निघता यायचं नाही. या वेळी मी ऐकलं आणि कूकर लावायला गेले.

ओळ अजून आहे. काढता येते, म्हणून राहू दिली आहे.

तुझी,
वहिनी